बाई, तुम्ही बोटाने केलंत

आधी कबुली देऊन टाकते, मग बाकीचं. वर्गात मी पहिल्यांदा जी नदी वाहवली ना, तिचं नालाकृती सरोवर, म्हणजे वळण तुटून मागे उरणारं घोड्याच्या नालासारखं तळं, नदीने केलेलं नव्हतं. मी बोटाने केलं होतं.

झालं असं की नदीचं कार्य शिकवायचं होतं, खनन, वहन, संचयन, आणि दरवर्षी फळ्यावर तेच एक चित्र काढून मला कंटाळा आला होता. वर डोंगर, त्यात व्ही आकाराची दरी आणि धबधबा, मध्ये नागमोडी वळणं, खाली त्रिभुज प्रदेश आणि समुद्राच्या दोन लाटा. मुलं चित्र छान काढतात, नावं देतात, मार्क मिळवतात, आणि त्यांना वाटतं नदी म्हणजे जिना आहे, वरच्या पायरीवर खणायचं, मधल्या पायरीवर वाहून न्यायचं, खालच्या पायरीवर टाकून द्यायचं. म्हणून एक लांबट ट्रे आणला, वाळू भरली, एका टोकाखाली दोन जाड वह्या सरकवल्या आणि बाटलीला भोक पाडून पाणी सोडलं. नदी झाली. पण वळण काही येईना. सगळा वर्ग ट्रेभोवती गोळा झालेला, तास संपायला सात मिनिटं, आणि माझी नदी वाळूभर पसरून चिखल करत बसलेली. तेव्हा "आता बघा हं, इथे वळण तुटतं" असं म्हणत मी बोलता बोलता वाळूत घोड्याच्या नालासारखी खाच ओढली आणि तिच्या दोन्ही तोंडांशी चिमूटभर वाळू ढकलली. मला वाटलं कुणाच्या लक्षात आलं नाही. पण पहिल्या रांगेतली एक मुलगी, जी एरवी तोंडातून शब्द काढत नाही, ती अगदी शांतपणे म्हणाली, "बाई, तुम्ही बोटाने केलंत."

मी हसून विषय बदलला, घंटा झाली, सुटले. ते वाक्य मात्र सुटलं नाही. आता मी ट्रे लावला की हात पाठीमागे बांधून उभी राहते, अगदी खरोखर पाठीमागे, एका हातात दुसऱ्याचं मनगट धरून.

ट्रे लावताना काय काय चुकतं ते सांगते. पहिली गोष्ट म्हणजे कोरड्या वाळूत नदी येतच नाही. वरून पाणी पडतं आणि गायब. मुलं खाली वाकून बघतात ट्रे गळतोय का. पूर्वी मला ही फजिती वाटायची, म्हणून मी आधीच गुपचूप वाळू भिजवून ठेवायचे. आता एका गटाला मुद्दाम कोरडी देते. मग पाच-सात मिनिटांनी भलतीकडेच पाणी दिसतं, खालच्या टोकाशी, उताराच्या पायथ्याला, वाळूतून पाझरत. वर ओहोळाचा पत्ता नाही आणि खाली झरा चालू! त्या झऱ्याच्या तोंडाशी वाळू सुटायला लागते, एक छोटी अर्धगोल घळ तयार होते, आणि मुरणं, भूजल, झरा हे तीन शब्द मी उच्चारायच्या आधीच कुणीतरी म्हणतं, "बाई, पाणी आतून आलं." आतून आलं. बास, व्याख्या नंतर लिहून घेऊ.

दुसरी गोष्ट बाटली. भरलेली असताना जोरात वाहते आणि रिकामी होत आली की रडत रडत, म्हणजे नदीत जे काय बदल होतायत ते नदीमुळे की बाटलीमुळे हे कळायला मार्ग नाही. यावर उपाय जुना आहे, सतराव्या शतकातल्या एदम मारियोत या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाची बाटली. बाटलीचं तोंड हवाबंद करायचं, त्यातून एक स्ट्रॉ खाली पाण्यात बुडेल अशी घालायची, आणि तळाशी बाहेर जाणारी नळी. हवा फक्त स्ट्रॉमधूनच आत येते, त्यामुळे स्ट्रॉच्या खालच्या टोकाशी दाब कायम बाहेरच्या हवेइतकाच राहतो, आणि पाण्याची पातळी त्या टोकापर्यंत उतरेपर्यंत धार एकसारखी. बाहेर जाणारी नळी मी न वापरलेल्या सलाईन सेटची घेते कारण तिला ते छोटं चाक असतं, फिरवलं की पूर, फिरवलं की दुष्काळ. चाक कोण धरणार यावरून भांडणं होतात, ती सोडवायला मला अजून उपाय सापडलेला नाही.

तिसरी गोष्ट, वाळूचं पाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही. मी ओतलं. एकदाच. लॅबमधल्या काकांनी बेसिनचा पाइप सोडवला, त्यातून मुठी मुठी वाळू काढली, काही बोलले नाहीत, आणि जाताना म्हणाले, "बाई, नदी तुमची, गाळ आमचा." तेव्हापासून बादली, आणि बादलीतला गाळ दुसऱ्या दिवशी वाळवून परत ट्रेमध्ये. गंमत म्हणजे त्या बादलीतही शिकवण्यासारखं निघालं, खाली जाड वाळू, वर बारीक, त्याच्यावर साखरेच्या पाकासारखा मऊ चिखलाचा थर, आणि पाणी रात्रभर ठेवूनही गढूळच.

आता खरा मुद्दा. ट्रेमध्ये नाक खुपसून एकच वळण बघा, सबंध नदी नको, चार बोटांएवढं एक वळण. आम्ही बघितलं त्या दिवशी बाहेरच्या काठाला मी रंगवलेल्या वाळूची एक पट्टी घातली होती, निळी, शाईत भिजवून वाळवलेली. पाणी बाहेरच्या काठाला लागून जात होतं आणि काठ वरून नाही, खालून पोखरला जात होता. वरची वाळू थोडा वेळ छज्जासारखी तशीच लोंबते, ओलसर असते म्हणून टिकते, मग तिला केसाएवढी भेग पडते, आणि मग नखाएवढी दरड पाण्यात बसते. पाणी क्षणभर निळं. आणि त्याच वेळी, समोर दोन-तीन सेंटिमीटरवर, आतल्या काठाशी वाळूची जीभ हळूहळू वाढतेय. एकच पाणी, एकाच मिनिटाला, इकडे खातंय आणि तिकडे टाकतंय. जिना कुठे गेला?

मी मुलांना विचारलं, निळी वाळू कुठे जाईल? सगळ्यांनी सांगितलं समोर, त्या जिभेवर. मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू. गेली मात्र थोडीशीच तिकडे, बहुतेक निळे कण वळण संपवून खाली गेले आणि पुढच्या वळणाच्या जिभेवर बसले, म्हणजे निघाले त्याच बाजूच्या काठावर. मला वाटलं ट्रे तिरका आहे. ट्रेखाली कागदाच्या घड्या घालून सारखा केला, परत तेच. नंतर वाचताना कळलं की १९४५ मध्ये अमेरिकेत व्हिक्सबर्गच्या जलप्रयोगशाळेत फ्रीडकिन नावाच्या इंजिनिअरने मोठमोठ्या वाळूच्या नद्या वाहवून हेच बघितलं होतं, ढासळलेल्या काठाची वाळू बहुतांश त्याच बाजूच्या पुढच्या जिभेवर जाते. माझा ट्रे सरळ होता, डोक्यातलं चित्र तिरकं होतं.

मग आतल्या काठाला वाळू जाते तरी का? यासाठी ट्रे सोडून काचेचा बीकर घ्यायचा, पाण्यात चहाची पत्ती टाकायची आणि चमच्याने गरगर ढवळून चमचा बाहेर काढायचा. फिरवलं की जड वस्तू बाहेर फेकली जाते हे मुलांना माहीत असतं, त्यामुळे सगळे सांगतात पत्ती कडेला जाणार. जाते मधोमध. तळाशी, बीकरच्या मध्यात, छोटा ढीग. कारण तळाला घासून पाणी मंद होतं, मंद पाण्याला बाहेर पळायचा जोर कमी, आणि वरचं वेगवान पाणी बाहेर जाऊन भिंतीने खाली उतरतं ते तळाशी परत आत येतं आणि पत्तीला घेऊन येतं. नदीच्या वळणावर हाच प्रकार, वरचं पाणी बाहेरच्या काठावर आपटतं, तळाचं पाणी गाळ घेऊन आतल्या काठाकडे सरकतं. १९२६ मध्ये आइनस्टाइनने चहाची पत्ती आणि नदीची वळणं यांची अशीच सांगड घालणारा एक छोटा लेख लिहिला होता. वर्गात आइनस्टाइनचं नाव काढलं की सगळे सरसावून बसतात, म्हणून मी ते काढतेच, पण पन्नास वर्षं आधी, १८७६ मध्ये, जेम्स थॉमसन या ब्रिटिश इंजिनिअरने नदीच्या वळणातलं हे पिळाचं वाहणं समजावून सांगितलेलं होतं आणि त्या बिचाऱ्याचं नाव कुणी काढत नाही. एका मुलाने बरोबर पकडलं, मग निळी वाळू समोर का नाही गेली? त्यावर वर्गात वीस मिनिटं वाद झाला, आणि शेवटी त्यांनीच काढलेलं उत्तर असं, की आडवी ओढ आहे खरी पण खाली पळवणारी ओढ कितीतरी जास्त आहे, कण पलीकडे पोचायच्या आत वळणच संपून जातं. मी फक्त डोकं हलवलं.

युवावस्था, प्रौढावस्था, वृद्धावस्था या शब्दांशी माझं वैर इथून सुरू झालं. अमेरिकन भूगोलतज्ज्ञ विल्यम मॉरिस डेव्हिसने १८९९ मध्ये भूचक्राची कल्पना मांडली ती काळाबद्दल होती, सबंध भूप्रदेश कसा उंचावतो आणि लाखो वर्षांत झिजून सपाट होतो त्याबद्दल. शिकवताना आपण ती उचलून एकाच नदीच्या लांबीवर चिकटवली, डोंगरात तरुण आणि समुद्राशी म्हातारी. आणि म्हातारी म्हटलं की मंद चालणार हे ओघाने आलंच. पण १९५३ मध्ये लूना लिओपोल्ड या अमेरिकन जलशास्त्रज्ञाने प्रत्यक्ष नद्यांची मापं मांडून दाखवलं की सरासरी वेग खाली जाताना बऱ्याचदा कमी होत नाही, उलट किंचित वाढतो, कारण खाली नदी खोल असते, पात्र गुळगुळीत असतं, घर्षणात वाया कमी जातं. वरचा ओढा दगडांवर आपटत आवाज भरपूर करतो, पोचतो उशिरा. (वर्गातही आवाज करणारे आणि पुढे जाणारे वेगळेच असतात, पण ते असो.) हे ट्रेमध्ये दाखवता येत नाही, कारण माझ्या नदीला वाटेत उपनद्या मिळत नाहीत, सगळं पाणी एकाच नळीतून येतं. ट्रेला जे जमत नाही ते फळ्यावर सांगावं लागतं, आणि सांगताना हे ट्रेमध्ये दिसणार नाही असंही सांगावं लागतं.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते मागे चालणारं धबधब्याचं प्रकरण. खालच्या टोकाला पाणी बाहेर जायची नळी असते, तिची उंची म्हणजे आमची समुद्रपातळी. नदी नीट स्थिरावली की मुलांना सांगते, समुद्र दोन बोटं खाली करा. नळी खाली सरकवतात. आता सगळ्यांच्या नजरा कुठे? वर, जिथून पाणी येतं तिथे, कारण पाणी वरून येतं तर जे काय व्हायचं ते वरूनच होणार ना. आणि घडतं खालून. जुन्या समुद्राच्या काठाशी एक पायरी तयार होते, पायरीवरून पाणी कोसळतं, पायथा पोखरला जातो, पायरी ढासळते, आणि पायरी एक बोट मागे सरकते. मग आणखी एक बोट. पाणी खाली चाललंय आणि पायरी वर चढतेय, नदीच्या उलट दिशेने, शांतपणे, कुणीतरी जिना चढावा तशी. दर मिनिटाला पायरीच्या जागी एक टूथपिक रोवायची. दहा मिनिटांत टूथपिकांची रांग तयार होते आणि तिच्यातलं अंतर मोजलं की वेग निघतो.

पहिल्यांदा केलं तेव्हा नुसत्या वाळूत ती पायरी टिकेना, थोडी वर जाऊन तिचा गुळगुळीत उतार व्हायचा. मग वाळूवर चिकणमातीचा पातळ थर दिला आणि वर परत थोडी वाळू पसरली. वा! कडा सुरीने कापल्यासारखी राहिली, कारण वरचा थर चिवट आणि खालचा भुसभुशीत, खालची वाळू निघून जाते, वरची माती अधांतरी राहते आणि मग तुकडा पडतो. नायगाराला हेच आहे, वर कठीण डोलोमाइट, खाली मऊ शेल, आणि साधारण १२,००० वर्षांत तो धबधबा जवळजवळ ११ किलोमीटर मागे सरकला. मुलांनी लगेच भागाकार केला, वर्षाला नव्वदेक सेंटिमीटर, आणि मग आमच्या टूथपिकांशी तुलना, आमचा धबधबा मिनिटाला दीड सेंटिमीटर, म्हणजे नायगाराच्या वर्षभराचं अंतर आम्ही एका तासात कापतो. एकजण फार खूश झाला, जणू काही आपण शर्यत जिंकली.

त्याच चिकणमातीने दुसरा एक समज मोडला. मुलांना वाटतं बारीक कण हलका, म्हणून पाणी त्याला आधी उचलणार. बारीक वाळूची एक वडी आणि चिकणमातीची एक वडी शेजारी ठेवली आणि दोघींवर सारखी धार सोडली. वाळूची वडी बघता बघता विरघळली, मातीची वडी तशीच, फक्त जरा चकचकीत. बारीक कण एकमेकांना धरून बसतात, त्यांना सुटं करायला जास्त जोर लागतो. पण एकदा सुटला की तो कण खाली बसायचं नाव घेत नाही, बादलीतलं ते रात्रभर गढूळ राहिलेलं पाणी आठवा. फिलिप यूलस्ट्रोम या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये याचा आलेख काढला, कणाचा आकार आणि पाण्याचा वेग, आणि त्यात उचलायला सगळ्यात सोपी निघाली ती मध्यम-बारीक वाळू, तिच्याहून जाड आणि तिच्याहून बारीक, दोन्ही अवघड. तो आलेख मी आधी दाखवायचे तेव्हा मुलं जांभया द्यायची. आता वड्यांनंतर दाखवते आणि आलेख वाचायला कुणी मदत मागत नाही.

एवढं सगळं होऊनही माझी मूळ नदी काही वळेना. नुसत्या वाळूत वळण कोरून दिलं तर पाच मिनिटं टिकतं, बाहेरचा काठ ढासळतो, पण आतली जीभ तितक्या वेगाने भरत नाही, पात्र रुंद होत जातं, पाणी उथळ होतं, मधे बेटं येतात, आणि शेवटी वेणीसारख्या गुंतलेल्या चार-पाच धारा. दर वेळी. वाळू बदलली, उतार कमी केला, धार बारीक केली, तेच. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय, बाकीच्या शिक्षकांच्या नद्या वळत असणार.

मग कळलं की नाही, कुणाच्याच वळत नव्हत्या. म्हणजे वळायच्या, पण वळत राहायच्या नाहीत. प्रयोगशाळांत कित्येक दशकं हीच अडचण होती, मोठ्या लांबलचक पात्रांत, चांगल्या पंपांनी, अनुभवी माणसांनी वाहवलेल्या नद्यासुद्धा शेवटी वेणी घालून बसायच्या. २००९ मध्ये कॅलिफोर्नियात ब्रॉड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळूच्या पात्रात लसूणघासाचं बी पेरलं, कोंब येऊ दिले, आणि त्या मुळांनी काठ धरून ठेवल्यावर नदी वळत राहिली, वळणं सरकत राहिली, तुटत राहिली. शिवाय बारीक हलका गाळही लागला, जिभेच्या मागच्या खोलगट वाटा बुजवायला, नाहीतर पाणी तिथून शॉर्टकट मारतं. जमिनीवर झाडं यायच्या आधीच्या फार जुन्या खडकांत नागमोडी नद्यांच्या खुणा कमी सापडतात, याचाही संबंध बरेच भूवैज्ञानिक मुळांशीच लावतात, त्यावर वाद आहेत पण विचार करायला काय भारी गोष्ट आहे. पहिल्या वर्षी सात मिनिटं उरलेली असताना मी वाळूकडून जे मागत होते ते वाळू एकटी देऊच शकत नव्हती, आणि मी तिच्यावर चिडत होते.

मॉडेल खोटं बोलतं ते आणखी एका बाबतीत, मापात. हे मी एक गणित म्हणून देते. आपला ट्रे ८० सेंटिमीटर, समजा नदी ८० किलोमीटरची, मग एक सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, एकास एक लाख. आता अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण खऱ्या नदीत केवढा? ५० मीटर. आणि आपलं ३ मिलिमीटर खोल पाणी? ३०० मीटर. क्षणभर शांतता, आणि मग मागून आवाज, "म्हणजे बाई, ही वाळू नाही, बिल्डिंगा वाहून चालल्यात." अगदी बरोबर. आणि पाण्याचा पृष्ठताण तेवढाच राहतो, तो काही लाखाने कमी होत नाही, म्हणून आमची नदी कधी कधी कडेशी थेंबासारखी फुगून बसते, पुढे जातच नाही. खरी नदी असं कधी करत नाही.

हे दुखणं मोठ्या माणसांनाही होतं. ऑसबर्न रेनॉल्ड्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८५ च्या सुमारास इंग्लंडमधल्या मर्सी नदीच्या खाडीचं मॉडेल केलं तेव्हा आडवं माप साधारण ३१,८०० पट लहान आणि उभं ९६० पटच लहान ठेवलं होतं, नाहीतर पाण्याचा नुसता ओलावा उरला असता. मिसिसिपी राज्यात क्लिंटनजवळ १९४३ पासून मिसिसिपी नदीच्या सबंध खोऱ्याचं मॉडेल बांधलं, साधारण २०० एकर, सुरुवातीला युद्धकैद्यांच्या श्रमातून, त्यातही आडवं २००० आणि उभं १००. म्हणजे टेकड्या वीसपट ताणलेल्या. आणि ते पात्र काँक्रीटचं होतं, पूर कुठे किती चढेल ते बघायला, त्यातली नदी काहीच खणायची नाही. दोनशे एकरात जे होणार नाही ते आमच्या ट्रेमध्ये दोन मिनिटांत होतं हे सांगितलं की मुलांना आपल्या ट्रेबद्दल जरा आदर वाटतो.

घरांचा खेळ मी अलीकडे सुरू केला. प्रत्येकाने खडूच्या तुकड्याचं एक घर करायचं आणि नदी सुरू व्हायच्या आधी हवं तिथे ठेवायचं. पहिल्या फेरीत सगळे काठावर, पाणी जवळ हवं म्हणून. दुसऱ्या फेरीत शहाणे होतात आणि वळणाच्या आतल्या बाजूला जातात, तिथे जमीन वाढते हे त्यांनी पाहिलेलं असतं. मग मी सलाईनचं चाक पूर्ण उघडते आणि पूर त्याच जिभेवरून सरळ आडवा जातो. तिसऱ्या फेरीत उंचावर, टूथपिकांच्या रांगेच्या डोक्याशी. तिथे पोचायला पायरीला वेळ लागतो, पण पोचते.

सगळ्यात वाईट गत त्रिभुज प्रदेशावरच्यांची. तिथे जमीन नवी, सपाट, छान दिसते. पण नदी जिथे गाळ टाकते तिथला तिचा स्वतःचाच रस्ता उंच होत जातो, आणि एका क्षणी, काहीच न घडल्यासारखं वाटत असताना, ती शेजारच्या खोलगट भागात उडी मारते आणि पंख्याची नवी पाकळी सुरू करते. ज्यांची घरं कोरड्या बाजूला, नदीपासून लांब, ते गेले. कोसी नदीचं असंच झालं होतं, १८ ऑगस्ट २००८ ला नेपाळमध्ये कुसहाजवळ बांध फुटला आणि नदी शंभराहून जास्त किलोमीटर पूर्वेकडच्या आपल्या जुन्या वाटेला लागली, जिथे पिढ्यानपिढ्या लोक राहत होते. हे सांगताना मी खडूचे तुकडे उचलत असते, आणि त्या दिवशी कुणी हसत नाही.

आता शेवटचं, यंदाचं. लसूणघासाचं बी नव्हतं म्हणून मोहरी पेरली. ओल्या वाळूत दाट पेरून, खिडकीशी ठेवून, आठवडाभर स्प्रेने पाणी. मुळं चांगली धरली, वाळू चिमटीत उचलली तर सतरंजीच्या तुकड्यासारखी उचलली जायची. त्यात एक घट्ट वळण कोरून दिलं (हो, कोरून दिलं, पण सगळ्यांसमोर आणि सांगून), बाटली भरली, बारीक मातीचं थोडं पाणी वरून सोडायचं ठरलं, आणि मोबाइल स्टँडवर लावून टाइमलॅप्स चालू केला. पूर्ण तास काही झालं नाही. म्हणजे झालं, पण इतकं सावकाश की मुलं कंटाळली, बाहेरचा काठ ढासळायचा आणि मोहरीचा एखादा कोंब मुळासकट पाण्यात वाकायचा, बस एवढंच. वळणाची मान, म्हणजे त्याच्या दोन टोकांमधली जमिनीची चिंचोळी पट्टी, निमूट बारीक होत होती. मधली सुट्टी झाली. मी सगळ्यांना बाहेर काढलं, दाराला कडी लावली, आणि शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसले.

परत आलो तेव्हा नदी सरळ वाहत होती. मान तुटलेली, आणि बाजूला नालाच्या आकाराचं साठलेलं पाणी, वरच्या तोंडाशी वाळूचा छोटासा बांध, खालचं तोंड अजून जेमतेम उघडं, आत दोन कोंब तरंगतायत. पुस्तकातल्या चित्रासारखं नव्हतं, जरा वाकडं होतं, एक बाजू फुगलेली. मी धावत मोबाइल घेतला. रेकॉर्डिंग बाराव्या मिनिटाला थांबलेलं, स्टोरेज फुल. त्यात फक्त एक वळण आणि माझी सारखी मध्ये मध्ये येणारी ओढणी.

सगळे ट्रेभोवती उभे. मग एकेकाची नजर माझ्याकडे, आणि तिथून माझ्या उजव्या हाताकडे. हाताला ओली वाळू होती, येता येता खालची नळी तुंबलेली दिसली म्हणून मी ती मोकळी केली होती.

"बाई," मागून कुणीतरी म्हणालं, "खरं सांगा. तुम्ही केलंत ना?"